वाडा दिला, गुऱ्हाळ राहिलं : एका आजोळाचं प्रकरण

माझं आजोळ करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. या प्रकरणातली माणसं अजून रोज एकमेकांच्या दारावरून जातात आणि निम्म्या गोष्टी मिटायच्या आहेत. मी कोल्हापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो, पण फाईल माझ्याकडं आली ती भाचा म्हणून. "तुला कागदातलं कळतंय, तू बघ," एवढंच म्हणून मोठ्या मामांनी एक गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. सुटलेली गाठ दिसली तर माझी आजी ती लगेच बांधून ठेवायची. ते गाठोडं मात्र गेली काही वर्षं उघडंच आहे.

सुरुवात झाली एका व्यापाऱ्यापासून. जुनं सागवान विकत घेणारे लोक आपल्याकडं गावोगाव फिरतात. वाडा पडायला आला असं कुणी सांगितलं की ते दारात येतात, बोटानं खांब ठोकून बघतात आणि उभ्या उभ्या आकडा सांगतात. २०१९ च्या पुरानंतर असाच एकजण आला. पाणी चार दिवस सोप्यात होतं, मागची भिंत बसली होती, मामा-मामी शेजारच्या शाळेत राहत होते. खांब, तुळया, दरवाजा, कोरीव गणेशपट्टी, सगळ्याची मिळून किंमत त्यानं कागदावर लिहून दिली. रक्कम वाईट नव्हती. मामांनी तो कागद आठवडाभर खिशात ठेवला आणि मग बहिणींना फोन केले. "विकायचं न्हाई. पण मला एकट्याला सांभाळायचंबी न्हाई. लोकांनी येऊन बघावं आसं काय तरी करूया."

इथंच पहिली गफलत झाली. जपायचं म्हणजे वाडा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

वाडा म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या, भिंती, चौक, सोपा, माजघर, माडी. पाटीलकी होती तेव्हाचा रुबाब दरवाज्यापुरता अजून आहे. असे वाडे करवीर, कागल, पन्हाळा तालुक्यांत गावागणिक एखाद-दुसरे सापडतात. आमच्या आजोळी वेगळं काय होतं, तर वाड्यामागचा गोठा आणि मळ्यातलं गुऱ्हाळ. गोठा दोन बाजूंना, प्रत्येक बाजूला बारा जनावरांच्या गव्हाणी. त्या एकसंध दगडात कोरलेल्या आहेत आणि शेकडो जनावरांनी जिभा घासून घासून त्यांच्या कडा अशा गुळगुळीत झाल्यात की हात फिरवत राहावंसं वाटतं. वर वैरणीचा माळा. माळ्याच्या फळ्यांत एक चौकोनी भोक आहे. तिथून कडबा थेट गव्हाणीत पडायचा, गड्याला खाली उतरावं लागायचं नाही.

गुऱ्हाळघर गावाबाहेर, थोडं उंचावर. चारी बाजूंनी मोकळं, लाकडी कैच्यांवर मंगळुरी कौलं. कडेला ऊस पिळायचा लोखंडी चरक, आधी बैलांचा, नंतर इंजिनावरचा. मध्ये चुलवाण म्हणजे मोठी चूल, त्यावर रस आटवायची काहील, शेजारी गूळ ओतायचा दगडी वाफा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. पण ज्या जागी गूळ होतो ती जागा जपायची आहे असं कुणाच्या डोक्यात येत नाही. कारखान्याला ऊस घातला की एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला दर, ठरलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो. गुऱ्हाळाला दहा-बारा माणसं लागतात, ती मिळत नाहीत. म्हणून गुऱ्हाळं बंद पडली, कौलं उतरली, काहिली भंगारात गेल्या. आमचंही सात-आठ हंगाम बंद होतं.

मामांना हे दाखवून दिलं ते माझ्या मुलीनं. ती तेव्हा पाचवीत होती. वाड्यात तिनं दहा मिनिटं काढली, गोठ्यात अर्धा तास, आणि गुऱ्हाळातून तिला ओढून आणावं लागलं. "हे चालू का नाही?" एवढंच विचारत होती.

आता कागद. सातबारा मी बघितला तर आजोबांच्या नावाखाली वारसांची माळ. तीन मामा, त्यातले मधले वारलेले, त्यांची मुलं पुण्यात. शिवाय आई धरून चार बहिणी. मुलींची नावं लागलेली होती, हे नशीब. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलार्जित मिळकतीत मुलींना जन्मानं हक्क आला. वडील आधीच वारले असले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही बहुतेक गावांत बहिणी हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात. माहेर तुटू नये म्हणून करतात, मनापासून करतात असं नाही.

आमच्या घरी उलटं झालं. थोरल्या मावशीनं बैठकीत सांगितलं, "भावास्नी मी काय लिहून देणार न्हाई. वाड्याला देत्ये." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण कायद्यात ती दोन वेगळी कामं आहेत आणि मावशीला ते न शिकता कळलं होतं. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होतो. न्यासाला, म्हणजे ट्रस्टसारख्या बाहेरच्या संस्थेला द्यायचं तर ते बक्षीसपत्र, नोंदणी सक्तीची. आणि इथं एक गंमत आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तीच गोष्ट गावाच्या उपयोगासाठी न्यासाला दिली तर बाजारभावावर टक्केवारी. लेकाला देणं स्वस्त, लोकांना देणं महाग. मी हे बैठकीत सांगितल्यावर धाकटे मामा म्हणाले, "मग लेकालाच देऊया की." तो विनोद नव्हता.

पर्याय चार होते. पुरातत्त्व खात्याकडं द्यावं असं एका मामेभावाचं म्हणणं. कसबा बावड्यातला लक्ष्मी-विलास पॅलेस, शाहू महाराजांचं जन्मस्थळ, राज्य संरक्षित आहे, मग आपला वाडा का नाही? पण ते राजाचं घर, आपलं पाटलाचं. तालुक्यात असे वाडे किती निघतील ते मोजा म्हटल्यावर तो विषय तिथंच संपला. दुसरा पर्याय, हॉटेलवाल्याला भाड्यानं द्यायचा. 'हेरिटेज स्टे' वगैरे. यात पैसा होता, पण गोठ्यात बार होणार हे मला चित्रासारखं दिसत होतं. तिसरा, घरचंच कृषी पर्यटन केंद्र. चौथा, सार्वजनिक न्यास.

मी न्यासाच्या बाजूनं होतो आणि त्याचं कारण एकच, कलम ३६. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, बक्षीस देता येत नाही. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानंसुद्धा देता येत नाही. लोक याला कटकट म्हणतात. मला ती कुलूप वाटते. आजचे मामा भले आहेत, पण तीस वर्षांनी विश्वस्त कोण असेल आणि जमिनीचा भाव काय असेल, सांगता येत नाही.

धाकट्या मामांना हे कुलूप नको होतं. "द्यायचं, पण अडचण आली तर परत घ्यायची सोय ठेव," असा त्यांचा आग्रह. न्यासपत्रात तसं एक कलम घालून द्या म्हणून ते दुसऱ्या वकिलाकडंही जाऊन आले. दोन महिने यात गेले. परत घेण्याची सोय ठेवून दिलेल्या दानाला आयकराची सवलतही मिळत नाही, हे दाखवल्यावर ते गप्प झाले. पटलं नव्हतं, गप्प झाले एवढंच.

न्यासपत्राच्या उद्देशांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि अशा कामात पडणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा असं माझं सांगणं आहे. पहिल्या मसुद्यात 'ग्रामीण संस्कृतीचा प्रसार' असं गोड वाक्य होतं. आयकर कायद्यात असं मोघम काम 'सर्वसाधारण लोकोपयोगी' खणात जातं. त्या खणात तिकीट, विक्री असं व्यापारी उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. पण ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, जागा आणि वस्तूंचं जतन याला कायद्यानं वेगळं नाव दिलं आहे, त्याला ही मर्यादा नाही. म्हणून वाक्य रुक्ष केलं: ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू व वस्तू यांचं जतन आणि त्या लोकांना पाहण्यास खुल्या ठेवणं. मावशीला ते आवडलं नाही. "संस्कृती कुठं गेली?" तिनं विचारलं. म्हटलं, गोठ्यात आहे.

वाडा आणि गोठा गावठाणात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला मिळकत म्हणून नोंद. अकरा सह्या गोळा करायला दीड वर्ष लागलं, पण झालं. घोडं अडलं ते गुऱ्हाळाशी.

गुऱ्हाळ गट नंबरात आहे, म्हणजे शेतजमिनीत. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, पट्ट्यानंही देता येत नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. न्यास हा शेतकरी नव्हे. मला वाटलं होतं, आपण जमीन कुठं देतोय, नुसती इमारत देतोय. पण त्या कायद्यात 'जमीन' या शब्दात शेतीला जोडून असलेल्या शेतघरांच्या जागाही येतात. मग नुसते गुऱ्हाळाखालचे चार गुंठे तोडून बिगरशेती करावेत, तर तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडायची मनाई, आडवी आली. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र कमी केलं, तरी बागायतीला १० गुंठे आहेच. दहा गुंठे म्हणजे शेजारची चालू विहीर आणि पाटाचा कोपरा त्यात जातो, त्यावर धाकट्या मामांचा ऊस अवलंबून.

हे कायदे वाईट हेतूनं केलेले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. आमच्याच घराण्याची बरीचशी जमीन १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांकडं गेली, आणि ती जायलाच हवी होती. जमीन कसणाऱ्याच्या हातातून निसटू नये म्हणून घातलेलं कुंपण आहे हे. त्या कुंपणात आमचं गुऱ्हाळ अडकलं, इतकंच.

तर ज्याला कायद्यानं सहज कुलूप लावता आलं तो वाडा, आणि जे बघायला लोक येणार ते उघड्यावर. मी दोन वर्षं यात घालवली आणि शेवटी तडजोड सुचवली. वाडा आणि गोठा न्यासाकडं. गुऱ्हाळ मामांच्या नावावर, शेतकऱ्याचाच धंदा म्हणून, राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदवून चालवायचं. परवानगीचा अर्ज वेगळा चालू ठेवायचा. तडजोड म्हणून ठीक आहे. पण मामांच्या पश्चात गुऱ्हाळाला वाली कोण, याचं उत्तर त्यात नाही.

डागडुजीबद्दल थोडक्यात लिहितो, पण एक गोष्ट टाळता येत नाही. २००५ च्या पुरानंतर घरच्यांनी भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. दिसायला मजबूत. भेंड्याची भिंत श्वास घेते, पाणी शोषते आणि उन्हात सोडून देते; सिमेंटनं बाहेरचं तोंड बंद केलं की ओल आतच कुजते. २०१९ मध्ये आणि परत २०२१ मध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळीच ४३ फूट. दोन्ही वेळा जी भिंत बसली ती गिलाव्याची. गोठ्याच्या शेणानं सारवलेल्या, कुणी लक्ष न दिलेल्या भिंती उभ्या राहिल्या. आम्ही गिलावा छिन्नीनं उतरवला तेव्हा आतली माती हाताला लोण्यासारखी लागत होती. ती सुकायला एक उन्हाळा गेला. नवा गिलावा चुन्याचा. चुना विरवून महिनाभर मुरवला, वाळू आणि सुरखी (विटेची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळला, त्यात हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. गूळ आमच्याच गुऱ्हाळातला, पहिल्या आधणाचा, म्हणजे काहिलीच्या पहिल्या खेपेचा, जळलेला. खाण्यालायक नव्हता, भिंतीला चालला.

गावाचं काय म्हणणं होतं? ते मला एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळलं. "पाटलाचा वाडा बघायला आमी तिकीट काढायचं? आमचा आज्जा ह्या दारात चपला हातात घिऊन जायाचा." बोलणारा माझ्याच वयाचा होता. मला उत्तर सुचलं नाही. मामांना सांगितलं तर ते बराच वेळ गव्हाणीवर बसून राहिले.

उत्तर निघालं ते माडीवरच्या पेटीतून. दोन्ही पुरांतून ती वाचली कारण माडीवर होती. तिच्यात शाहूपुरीतल्या अडत्यांच्या गुळाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि मोडीतल्या हजेऱ्या होत्या. एका मोडी जाणकाराकडून वाचून घेतल्या. कुणी किती आधणं काढली, चुलवाणावर कोण बसलं, मोट कुणाची, कुणाला किती ढेपा मजुरीपोटी दिल्या आणि कुणाच्या कापून घेतल्या, सगळं नावानिशी. टपरीवर बोलणाऱ्याच्या आज्ज्याचं नाव त्यात तीन हंगाम होतं. सोप्यात पूर्वजांच्या तसबिरी लावायच्या असं ठरलं होतं. तिथं आता त्या हजेऱ्यांच्या मोठ्या प्रती आहेत, देवनागरीत उतरवून. कापून घेतलेल्या ढेपांसकट. धाकट्या मामांनी विरोध केला, मोठ्या मामांनी ऐकलं नाही. गावाला तिकीट नाही. विश्वस्तांत घरचे तिघे, बाहेरचे चार, आणि त्या चारांत एक गुळवी, म्हणजे गूळ करणारा जाणकार.

त्यांना सगळे तात्या म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला. गुऱ्हाळ पुन्हा पेटवलं त्या दिवशी मी पहाटेपासून तिथं होतो. काहिलीत हजारेक लिटर रस, खाली चिपाडाचा जाळ. आधी हिरवट मळी वर येते, ती रानभेंडीच्या चिकट पाण्यानं धरून काढायची. मग रस चढतो, फसफसतो, चमचाभर तेलानं खाली बसतो. अडीच तासांनी बुडबुड्यांचा आवाज बदलला. मला तो कळला नाही. तात्या मात्र बोलता बोलता मध्येच थांबले. त्यांनी फावडीनं थोडा पाक घेतला, थंड पाण्याच्या पातेल्यात सोडला, बोटांनी गोळी केली आणि काहिलीच्या कडेवर आपटली. टक्क. "उतरा." मी थर्मामीटर आणला होता, त्यात ११८ अंश सेल्सिअस होते. तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "बरं हाय. तुमच्या यंत्रालाबी कळतंय."

दीड टन उसाचा त्या दिवशी दीड-पावणेदोनशे किलो गूळ झाला. रंग तपकिरी. पिवळाधमक हवा तर हायड्रोस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड घालावी लागते, ती तात्या घालत नाहीत, आणि यार्डात तपकिरी गुळाला भाव पडतो. म्हणून सगळा गूळ आणि काकवी जागेवरच विकली जाते.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर सिमेंटच्या पुतळ्यांचं खेडं बघायला गर्दी होते, ती चांगलीच गोष्ट आहे. पण तिथल्या चुलवाणाला धग नाही. आमच्याकडं धग आहे, म्हणून भीतीही आहे. दुसऱ्याच शनिवारी एक पोरगं काहिलीच्या कठड्यापर्यंत गेलं. तात्यांनी त्याला दंडाला धरून असं ओढलं की त्याची आई भांडायला आली. त्यानंतर बांबूचं कुंपण केलं आणि एका वेळी वीसच माणसं आत. स्वच्छतागृह अजून नाही. वाड्याजवळची मोकळी जागा निळ्या पूररेषेच्या आत येते, तिथं नवं बांधकाम करता येत नाही. सध्या मामांच्या घरचं वापरतात. मामी याबद्दल जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हिशेब सांगायचा तर डिसेंबर ते मार्च, शनिवार-रविवार एवढाच धंदा. त्यात गुऱ्हाळाची मजुरी निघते, वाड्याच्या कौलांचा खर्च निघत नाही. तो देणग्यांवर चालतो, आणि देणग्या बहुतेक बहिणींच्या. मधल्या मामांच्या मुलांनी सही दिली, पैसे दिले नाहीत. त्यांचा राग मला येत नाही, त्यांनी हा वाडा सुट्टीत चार दिवस बघितलाय.

कलम ६३ च्या परवानगीचा अर्ज आत आहे. त्रुटी निघाली, पूर्तता केली, परत त्रुटी निघाली. धाकट्या मामांनी मध्यंतरी विहिरीचा कोपरा सोडायची तयारी दाखवली, मग त्यांच्या मुलानं ती मागं घेतली. यंदाचा हंगाम होळीच्या आत संपला. तात्यांच्या हाताखाली दोन पोरं होती, त्यातलं एक दिवाळीला परत येतो म्हणालंय. पावसात गंजू नये म्हणून काहील तेल लावून पालथी घातली आहे, आणि तिच्यावर मामींनी पापड वाळत घातलेत.